‘तिकीट मी काढलंय’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, हे कबूल करतो. संध्याकाळी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आलं की तिच्यातलं निम्मं तरी खरं आहे, आणि उरलेल्या निम्म्यावर मला बरंच बोलायचंय. खाली चार ओळी खरडून भागणार नव्हतं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी लिहिलं होतं की फॉर्म हरवलेल्या आपल्याच खेळाडूची प्रेक्षकांनी कधीच हुर्यो उडवू नये. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तिकीट मी काढतो, उन्हात मी बसतो, घसा माझा बसतो. समोरचा कोट्यवधी घेऊन हातातला झेल सोडतो आणि मी टाळ्या वाजवायच्या? नाटक पडलं तर प्रेक्षक नापसंती दाखवतोच ना? ही व्यावसायिक माणसं आहेत, चार शिट्ट्यांनी त्यांचं काही बिघडत नाही. उलट हार्दिक पांड्याला लोकांनी झोडपलं म्हणूनच तो पेटून उठला आणि वर्ल्ड कप घेऊन आला. आणि शेवटची ओळ, ‘घरी टीव्हीसमोर बसणाऱ्यांनी स्टेडियममधल्यांना संस्कार शिकवू नयेत.’

शेवटापासूनच सुरुवात करतो. मी स्टेडियममध्ये जातो. आणि मी हुर्यो उडवलेली आहे, चांगली बेंबीच्या देठापासून.

बरीच वर्षं झाली त्याला. आमच्या संघातल्या एका पोरगेल्या क्षेत्ररक्षकाने लाँग ऑनला झेल सोडला. उंच उडालेला, सरळ हातात येणारा, पाहिजे तेवढा वेळ देणारा झेल. अख्खा स्टँड उठून ओरडायला लागला आणि त्यात मीही होतो. षटक संपलं, आणि जागा बदलता बदलता तो नेमका आमच्याच पुढ्यात सीमारेषेवर येऊन उभा राहिला. जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तो, मध्ये फार तर पंधरा पावलं. तो उजवा तळवा पँटवर पुसायचा, बघायचा, पुन्हा पुसायचा. हाताला काहीही लागलेलं नव्हतं. माझ्यामागे बसलेला एकजण दर चेंडूला विचारत होता, ‘हाताला तेल लावून आलायस का रे?’ आणि दर वेळी आम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत होतो.

दोन षटकांनी फलंदाजाने मारलेला स्वीप हवेत उडाला. चेंडू त्याच्या बराच पुढे पडणार होता. सुसाट पळत येऊन सूर मारला असता तर झेल होता. अवघड होता, पण होता. तो दोन पावलं पुढे आला, थबकला आणि एका टप्प्यावर चेंडू अगदी स्वच्छ उचलून त्याने यष्टिरक्षकाकडे फेकला. एक धाव. कुणी काही बोललं नाही. मागचा तेलवाला तर ‘शाब्बास’ म्हणाला.

ते ‘शाब्बास’ माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. सुटलेला झेल सगळ्यांना दिसतो, टीव्हीवर तो सहा बाजूंनी दाखवतात. धरायलाच न गेलेला झेल मात्र कुठल्याही हिशेबात येत नाही. स्कोअरबुकात तो एक धाव म्हणून पडून राहतो. हुर्यो खाल्लेल्या माणसाला हे फार पटकन उमगतं. तो ठरवून अंग चोरतो असं नाही, त्याचे पायच परस्पर ठरवून टाकतात. चुकायचं नसेल तर प्रयत्नच नको.

फुटबॉल बघत असाल तर हे तिथे आणखी उघड दिसतं. बिथरलेला मिडफिल्डर चेंडू मागायला मोकळ्या जागेत येत नाही, प्रतिस्पर्ध्याच्या आडोशाला उभा राहतो. चेंडू आलाच तर दचकून मागे, बचावपटूकडे ढकलतो. त्या दिवशीची त्याची पासची टक्केवारी कदाचित उत्तम भरेल, आणि संघाला त्याचा उपयोग शून्य झालेला असेल. क्रिकेटमध्ये असा फलंदाज निर्धाव चेंडूंच्या बिळात शिरतो. मग तुम्ही म्हणता, बघा, जीव तोडून खेळतच नाहीत. अहो, ते बीळ खणायला आपणही हात लावलेला असतो.

हुर्योचा विषय निघाला की अमेरिकेतलं फिलाडेल्फिया टाळता येत नाही. डिसेंबर १९६८ मध्ये तिथल्या प्रेक्षकांनी भर मैदानात सांताक्लॉजचीच हुर्यो उडवून त्याला बर्फाच्या गोळ्यांनी मारलं होतं, त्यामुळे खेळाडूंनी दयामायेची अपेक्षा ठेवूच नये. २० जून २०२१ ला याच शहराच्या बास्केटबॉल संघाचा अटलांटाविरुद्ध सातवा, निर्णायक सामना होता, तोही घरच्या कोर्टवर. त्या प्लेऑफमध्ये या संघाच्या बेन सिमन्सच्या फ्री थ्रोंची (फाउल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींची) दैना झाली होती, आणि ती जगभर चघळली जात होती. शेवटच्या काही मिनिटांत चेंडू घेऊन तो बास्केटच्या अगदी खाली पोचला. उडी मारून चेंडू आत कोंबायचा एवढंच बाकी होतं. त्याने तो सहकाऱ्याकडे देऊन टाकला. पावणेसात फुटांहून उंच माणूस, आणि आडवा आलेला खेळाडू त्याच्यापेक्षा कितीतरी बुटका! सामना ९६-१०३ असा गेला आणि सिमन्स त्या संघाकडून पुन्हा कधी खेळला नाही. हे प्रेक्षकांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते त्यालाच ठाऊक. पण न धरायला गेलेला झेल म्हणजे काय, हे कुणाला दाखवायचं झालं तर मी ती क्लिप दाखवतो. अंगावर फाउल होऊन फ्री थ्रोच्या रेषेवर उभं राहावं लागू नये म्हणून समोरचा सोपा गुणही नको, अशीच ती दिसते.

त्याच शहरातली दुसरी गोष्ट दोन वर्षांनंतरची. बेसबॉलपटू ट्रे टर्नर ११ वर्षांच्या आणि ३० कोटी डॉलर्सच्या करारावर आला आणि सपशेल ढेपाळला. ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला त्याची सरासरी .२३५ होती, म्हणजे हजार संधींमागे २३५ यशस्वी फटके. तुमचा कोट्यवधींचा मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. ४ ऑगस्टला तो घरच्या मैदानावर फलंदाजीला आला तेव्हा लोक ठरवून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथून हंगाम संपेपर्यंत त्याची सरासरी .३३७ आणि होमरन १६. पुढे त्याने स्वतःच्या खर्चाने होर्डिंग लावून प्रेक्षकांचे आभार मानले.

आता तुम्ही म्हणाल, चांगला खेळाडू कधी ना कधी वर येणारच होता, टाळ्या निमित्तमात्र. खरंय. हा माझ्या बाजूचा पुरावा आहे असं मी मानत नाही, मला तो नुसता आवडतो. पण मग हाच नियम तुमच्या हार्दिकलाही लावा.

हार्दिकचं प्रकरण जरा नीट बघू, कारण तुमची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. १ एप्रिल २०२४, वानखेडे. मुंबई इंडियन्सचा नवा कर्णधार नाणेफेकीला आला आणि घरच्याच प्रेक्षकांनी असा गोंगाट केला की संजय मांजरेकरांना माइकवरून लोकांना नीट वागायला सांगावं लागलं. राग कशाचा होता? रोहित शर्माला कर्णधारपदावरून काढल्याचा. तो निर्णय ज्यांनी घेतला ते बंद खोलीत होते, आणि मैदानात हाताशी होता हार्दिक. त्या हंगामात संघ १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला गेला. मग २९ जूनला बार्बाडोसमध्ये फायनलचं शेवटचं षटक, वाचवायला १६ धावा. हार्दिकचा पहिलाच चेंडू, मिलरचा फटका, सीमारेषेवर सूर्यकुमारचा झेल, आणि ७ धावांनी विजय. ४ जुलैला त्याच वानखेडेत त्याच्याच नावाचा गजर झाला. ९४ दिवसांचा हिशेब आहे हा.

तुम्ही म्हणता हुर्योने तो घडला. मग त्याच हुर्योने आयपीएलमध्ये त्याचा संघ तळाला का गेला, हेही सांगायला हवं. आणि एक बारीकशी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. व्यावसायिक खेळाडूंवर शिट्ट्यांचा काही परिणाम होत नाही, असं तुम्ही वर म्हणता, आणि चार ओळी खाली म्हणता की शिट्ट्यांनीच हार्दिकला पेटवलं. दोन्हींपैकी एक काहीतरी ठेवा.

शाकाचं उदाहरण कुणी हमखास देईल म्हणून तेही आत्ताच घेतो. २७ ऑक्टोबर २०१९ ला आर्सेनल हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब २-० च्या आघाडीवरून २-२ वर आला होता. कर्णधार ग्रनिट शाकाला बाहेर बोलावलं तेव्हा लोकांनी आनंदाने चीत्कार केले, तो रमतगमत चालायला लागला तशी शिट्ट्या घातल्या. त्याने कानाला हात लावून ‘अजून ओरडा’ अशी खूण केली, शर्ट काढला आणि थेट आत निघून गेला. चुकलाच तो. कर्णधारपद गेलं. पुढे तिथेच तो पुन्हा उभा राहिला, मग जर्मनीतल्या लेव्हरकुझनला जाऊन २०२३-२४ ची बुंडेसलीगा, म्हणजे तिथली अव्वल फुटबॉल लीग, एकही सामना न हरता जिंकणाऱ्या संघात खेळला. तेव्हा, बघा, हुर्यो औषधी आहे! पण मध्ये काय झालं? त्याच्या बॅगा भरून झाल्या होत्या. डिसेंबरात नवा प्रशिक्षक मिकेल आर्तेटा आला, त्याने बसवून समजूत घातली म्हणून तो थांबला. माणूस एका बाजूने फाटला, दुसऱ्या कुणीतरी शिवला, आणि श्रेय फाडणाऱ्याला द्यायचं?

आता तुमच्या तिकिटाकडे येतो, कारण तिथे तुमचं म्हणणं मला बरंच पटतं. पैसे मोजणाऱ्याला आवाज आहे आणि असलाच पाहिजे. फक्त तो आवाज कुणाच्या कानात घालायचा, एवढाच आपला वाद आहे. लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या प्रेक्षकांनी ६ फेब्रुवारी २०१६ ला काय केलं बघा. मालकांनी नव्या स्टँडमधल्या सर्वात महागड्या तिकिटाची किंमत ७७ पौंड जाहीर केली होती. सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. त्या वेळी त्यांचा संघ २-० ने पुढे होता, सामना संपला तेव्हा २-२! चारच दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी स्वतःची वेगळी सुपर लीग काढायची घोषणा केली, तेव्हा इंग्लंडमधले चाहते मैदानांबाहेर जमले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले. दोन्ही वेळा लोक चिडलेलेच होते, पण कुठल्याही लेफ्ट बॅकला त्यांनी त्यासाठी धारेवर धरलं नाही.

नाटकाची उपमा मात्र मला फारशी चालत नाही. पडलेलं नाटक पडू दे, तुम्ही दुसऱ्या नाटकाला जाता. इथे तुम्हाला तोच माणूस पुढच्या चेंडूला हवा असतो. त्याचा झेल सुटला की नुकसान तुमचंच.

एक गोष्ट मात्र मागे घेतो. माझ्या लेखात ‘कधीच’ हा शब्द होता, तो चुकला. अंतिम शिट्टी झाल्यावर, अख्खा संघ भोंगळ खेळून हरला म्हणून लोकांनी नापसंती दाखवली तर माझी हरकत नाही. तोवर खेळ संपलेला असतो आणि ती कुणा एकट्याच्या वाट्याला येत नाही. जाणूनबुजून ढिलाई करणारा, फसवणारा, वयाने निम्म्या असलेल्या बॉलबॉयवर खेकसणारा खेळाडू असेल तर खुशाल ओरडा, मीही ओरडेन. अडचण एवढीच की स्टँडमधून ढिलाई आणि घाबरलेपण दोन्ही अगदी सारखी दिसतात. मला तरी पंधरा पावलांवरून पाहिल्यावर फरक कळला, आणि तोही दोन षटकं उशिरा.

खेळाडू काही फुलासारखे नाजूक नसतात, हेही मान्य. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचे काही खेळाडू चांगला फटका मारला की अंगठा खाली करून दाखवत होते. हावियर बाएझने सांगून टाकलं की ही प्रेक्षकांना उलटी हुर्यो आहे. पोरकटपणाच तो. क्लबने कान उपटले, त्यांनी माफी मागितली, विषय मिटला. पण घरच्या मैदानात घरचा संघ आणि घरचे प्रेक्षक एकमेकांची टर उडवत बसलेत, यावर पाहुण्या संघाला आणखी काय हवं असतं?

आणि २००६ चा मार्च आठवतोय का? वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सचिन २१ चेंडूंत १ धाव काढून परत आला, तेव्हा स्टँडच्या एका भागातून त्याचीही हुर्यो उडाली होती. त्या दिवशी मैदानात असल्याचं सांगणारे मला पुष्कळ भेटले. त्यात आपण ओरडत होतो असं सांगणारा एकही नाही. तुम्ही होतात का तिथे? खोचक नाही, खरंच विचारतोय.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, ‘मग करायचं काय, तोंड शिवून बसायचं?’ नाही हो. कुरकुरा, कपाळावर हात मारा, शेजाऱ्याला सांगा की याला संघात घेतलं कुणी. निवड समितीला लिहा, मालकांच्या नावाने फलक धरा, पुढच्या सामन्याचं तिकीट काढू नका. आणि काढलंच, तर माझ्यासाठी एक काम करा. आपल्या कुणाचा झेल सुटला की पुढची दोन-तीन षटकं चेंडूकडे न बघता त्याच्याकडे बघा. तळवा पुसतोय का, पुढे यायच्या चेंडूला थांबतोय का. काय दिसलं ते इथेच खाली लिहा. माझं म्हणणं खोटं ठरलं तर तेही लिहा, मी ते वर चिकटवून ठेवेन.