चार लिंबं चिरडली, पाचवं घरी आणलं

बायकोने सांगून टाकलंय की आता घरात त्या गाडीचं नाव काढायचं नाही. दुकानातला पोऱ्या तर मी नुसतं "अरे काल काय झालं माहितीय का" म्हटलं की गोडाऊनमध्ये पोती मोजायला पळतो. म्हणून इथे लिहून राहिलोय, कुठेतरी ओकलं पाहिजे ना भो.

दसऱ्याला गाडी घेतली. नवीकोरी, पेट्रोल, टर्बो, तीन सिलिंडर, ऑन रोड ११ लाख ६० हजार. जळगावच्या शोरूमला हार, पेढे, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात धरून फोटो, चार चाकांखाली चार लिंबं, सगळं साग्रसंगीत. आबांनी केळीच्या पैशातून ३ लाख ६० हजार दिले, बाकी ८ लाख बँकेचे, ७ वर्षं, महिन्याला १२,८७१. हप्ता बरोब्बर पाच तारखेला कापला जातो, त्या मशिनीत आजवर एकदाही बिघाड नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी, मीटरवर अकराशे किलोमीटर, जळगावहून चोपड्याला परत येत होतो. मामुराबाद गेलं, विदगावला तापीच्या पुलावर चढलो आणि मीटरमध्ये ती पिवळी इंजिनाच्या चित्राची लाइट लुकलुक करायला लागली. गाडी अशी थरथरायला लागली की वाटलं टायर फुटला. पाय दाबतोय पण पिकअप नाही, मागून केळीचा ट्रक हॉर्नवर हॉर्न. पूल उतरून बाजूला घेतली, बंद केली, दहा मिनिटं बोनेटकडे बघत उभा राहिलो (बोनेट उघडून काय बघायचं असतं हे मला तेव्हाही माहीत नव्हतं, पण उघडतात सगळे), परत चालू केली तर काही नाही. एकदम शहाण्यासारखी. लाइट जळत होती पण लुकलुक बंद, आणि तीन-चार दिवसांनी तीही गेली.

सर्व्हिस सेंटरला गेलो. पंचावन्न किलोमीटर जाणं, पंचावन्न येणं, दुकान बंद. एसीत बसवलं, मशीनचा चहा पाजला, दोन तासांनी इस्त्रीच्या शर्टातला तो पोरगा आला आणि म्हणाला, "सर, ट्रायल घेतली, गाडी एकदम ओके आहे, आमच्यासमोर प्रॉब्लेम आला नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. आमच्यासमोर प्रॉब्लेम आला नाही. गेल्या सहा महिन्यांत हे मी पाच वेळा ऐकलंय, पाच वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या तोंडांनी, पण शब्द तेच, जसं काही ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतात. आणि दरवेळी गाडी धुऊन देतात. अरे मी कुठे म्हणालो गाडी मळलीय?

मग मी पण इरेला पेटलो. ऑनलाइन हजारभर रुपयांचा तो ब्लूटूथवाला स्कॅनर मागवला, स्टेअरिंगच्या खाली सॉकेट असतं त्यात घुसवायचा, मोबाइलवर कोड दिसतो. पुढच्या वेळी लाइट लागली तेव्हा कोड आला पी०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पेट्रोल आत जातंय पण पेटत नाहीये, किंवा अर्धवट पेटतंय. आपल्या भाषेत सांगायचं तर तिफणीचे तीन नळे असतात, मधला बुजला तर बैल चालतात, माणूस चालतो, तिफण चालते, फक्त मधली ओळ रिकामी राहते. तसं माझं इंजिन तीन नळ्यांचं आणि मधला नळा मनाला येईल तेव्हा बुजतो. क्रँकच्या (इंजिनाचा फिरणारा दांडा) सेन्सरला कळतं की एका सिलिंडरचा धक्का कमी पडला, तो कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटर लाइट लावतो, आणि फारच झालं तर त्या सिलिंडरचं पेट्रोल तोडतो आणि ताकद कापतो. आणि लाइट नुसती जळत असेल तर एक वेळ चालवत जा, पण लुकलुक करत असेल तर थांबायचं, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून खराब होतो. तो पार्ट किती महाग असतो ते शोधून बघितलं आणि मोबाइल उलटा ठेवून दिला.

आता गंमत बघा. कॉम्प्युटर कोडबरोबर त्या क्षणाचा फोटो काढल्यासारखी माहिती पण ठेवतो, फ्रीझ फ्रेम म्हणतात तिला. इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, स्पीड किती, लोड किती, सगळं. म्हणजे चोराने स्वतःच पंचनामा लिहून ठेवलाय! आणि हे लोक पहिलं काम काय करतात? स्कॅनर लावतात आणि कोड क्लियर करतात. कोड क्लियर केला की फ्रीझ फ्रेम पण पुसली जाते. पुरावा पुसायचा, मग चक्कर मारायची, मग म्हणायचं आमच्यासमोर आला नाही. कसा येईल, सकाळी दहाला थंड इंजिनावर शोरूम ते पेट्रोल पंप एवढीच तुमची ट्रायल, आणि माझी गाडी बिघडते चाळीस किलोमीटर दामटल्यावर, ऊन डोक्यावर असताना.

आमच्या चोपड्यातला गॅरेजवाला भाऊ आहे, दहावी नापास असेल पण कान तयार. त्याने फक्त ऐकून सांगितलं (कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा पार्ट, इंजेक्टर म्हणजे पेट्रोल फवारणारा), "नाना, कॉइल तापली की मरून राहिली. दोन नंबरची कॉइल एक नंबरवर टाक, एकची दोनवर. कोड ०३०२ चा ०३०१ झाला तर कॉइल खराब, नाही झाला तर प्लग नाहीतर इंजेक्टर बघायचा. दहा मिनिटाचं काम आहे." दहा मिनिटाचं! मी म्हटलं कर मग. तर म्हणे वॉरंटीतल्या गाडीला मी हात लावला की ते माझ्याच नावाने बिल फाडतील. बरोबरच होतं त्याचं, कारण सर्व्हिस सेंटरला मी हे सुचवलं तेव्हा तो इस्त्रीवाला पोरगा हसला आणि म्हणाला, "सर, बाहेर कुठे उघडली तर नाही ना? नाहीतर वॉरंटीला प्रॉब्लेम येईल." तुम्ही करत नाही, दुसऱ्याला करू देत नाही.

आणि कारणं तरी किती. पहिल्यांदा म्हणे पेट्रोल कुठून भरता, पाणी असेल. मी तीन पंप बदलले. मग म्हणे आता ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे ना सर, इथेनॉलमुळे थोडं होतं. अरे पेट्रोलच्या झाकणावर तुम्हीच ई२० चं स्टिकर चिकटवून गाडी विकली, तेव्हा इथेनॉल गोड लागलं? (मका आमच्याच शेतातला, इथेनॉल आमच्याच मक्याचं, आणि शिव्या पण आम्हीच खायच्या.) मग म्हणे उंदराने वायर कुरतडली असेल, तुमच्याकडे शेतात लावता ना. मग म्हणे सॉफ्टवेअर अपडेट. आणि चौथ्या वेळी, हे ऐकून माझं डोकं फिरलं, म्हणे "सर, तुम्ही कमी स्पीडला वरचा गिअर टाकता का?" बावीस वर्षं गाडी चालवतोय मी. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडच्या खड्ड्यांतून जुनी जीप काढलीय, पावसाळ्यात, मागे खताच्या गोण्या टाकून. मला गिअर शिकवतो.

मार्गशीर्षात आई-आबांना वणीच्या गडावर घेऊन गेलो, नव्या गाडीचं देवीला दाखवायचं होतं. अमळनेर, धुळे, मालेगाव, देवळा, कळवण, सगळं मख्खन. नांदुरीहून घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या वळणावर लुकलुक. पहिल्या गिअरमध्ये पण चढेना. मागे एसटी, पुढे चढ, आई हात जोडून बसलेली, आबा गप्प. आबांचं गप्प बसणं म्हणजे काय ते घरच्यांनाच माहीत. वर पोचलो कसे ते देवीलाच ठाऊक. दर्शन झाल्यावर आबा एवढंच म्हणाले, "जीप विकायला नको होती." बस. परत येईपर्यंत एक शब्द नाही.

आता जॉब कार्डचं, म्हणजे गाडी जमा करताना तक्रार लिहून घेतात त्या कागदाचं सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे. पाचव्या फेरीनंतर पाचही कागद घेऊन बसलो. मी तोंडाने काय सांगितलं होतं? "गाडी चालताना गचके मारते, ताकद जाते, लाइट लुकलुकते, पी०३०२ कोड आहे." कागदावर काय? दोन ठिकाणी "जनरल चेकअप". दोन ठिकाणी "लाइट चेक करणे". एका ठिकाणी तर नुसतं "वॉशिंग". केलेलं काम: स्कॅन केले, ओके. म्हणजे उद्या मी कुठे तक्रार घेऊन गेलो तर कागद सांगणार की हा माणूस पाच वेळा गाडी धुवायला पंचावन्न किलोमीटर आला होता. आणि खाली माझी सही! सही करताना वाचलं नाही ही माझी चूक, मान्य, पण तो पोरगा पेन पुढे करून "सर इथे, सर इथे, सर इथे" एवढ्या स्पीडने म्हणतो की माणूस लग्नाच्या रजिस्टरवर पण सही करून येईल. आणि घरी पोचायच्या आत फोन, "सर कंपनीतून कॉल येईल, दहापैकी दहा द्या प्लीज, माझ्या इन्सेंटिव्हचा प्रश्न आहे." पहिल्यांदा दिले पण मी दहा. पोराचं नुकसान नको म्हणून. गाढव मी.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. कपाशीचं पाकीट साधारण नऊशे रुपयांचं. शेतकरी आला की बियाणं उगवलं नाही, तर मी त्याला म्हणू शकतो का, माझ्यासमोर न उगवता दाखव? तो तालुक्याला अर्ज देतो, तक्रार निवारण समिती शेतात येते, बांधावर पंचनामा होतो, पिशवीचा लॉट नंबर बघतात, आणि मला बिलाचं पुस्तक घेऊन उभं राहावं लागतं. माझ्यावर आलेत असे प्रसंग, राग पण आलाय मला त्यांचा, खोटं कशाला बोलू. पण नऊशेच्या पाकिटाला समिती आणि साडेअकरा लाखाच्या गाडीला मशीनचा चहा?

परवा आखाजी (अक्षय तृतीया) झाली. त्याच्या दोन दिवस आधी मीच मुऱ्हाळी (सासरहून माहेरी न्यायला जाणारा) म्हणून बहिणीला आणायला शहाद्याला गेलो. तिच्या सासरी नवी गाडी दारात लावायची हौस, खोटं नाही सांगत. जाताना काही नाही, सकाळी लवकर निघालो होतो. येताना भरदुपारी, पारा ४३, मागे ताई, दोन भाचे, पापड-कुरडयांचे डबे. शिरपूर सोडलं, गलंगीच्या अलीकडे गाडीने मान टाकली. लुकलुक, गचके, आणि शेवटी बंद. एसी बंद. भाचा म्हणतो, "मामा, ही गाडी सेकंडहँड आहे का?" रस्त्याच्या कडेला एका निंबाखाली पाऊण तास बसलो. एक ट्रॅक्टरवाले बाबा थांबले, खाली उतरून गाडीला गोल फेरी मारली, नंबर प्लेट बघितली आणि म्हणाले, "काय व्हयनं रे भाऊ? नवी गाडी शे ना?" मी काय सांगू त्यांना? की बाबा, ही शोरूममध्ये ओके शे? आखाजीला झोक्यावर बसायच्या आधी माझी बहीण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून हातेडपर्यंत आली.

त्या रात्री झोप लागली नाही तेव्हा वाचत बसलो. अमेरिकेत म्हणे अशी वारंवार बिघडणारी नवी गाडी निघाली तर तिला लिंबू म्हणतात, आणि त्यासाठी वेगळे कायदेच आहेत, ठराविक वेळा दुरुस्त करून सुधरली नाही तर कंपनीने बदलून द्यायची नाहीतर पैसे परत. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. आपल्याकडे लिंबू चाकाखाली. मी चार चिरडली आणि पाचवं हार घालून घरी आणलं. आपल्याकडे आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे जळगावलाच, ५० लाखापर्यंतचं जिल्हा ग्राहक आयोगात चालतं, माझ्या रकमेला फी फक्त ४०० रुपये. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पण नोंदवता येते. चांगलं आहे. पण वकील मित्राने एका वाक्यात हवा काढली, "गाडीत मुळातच दोष आहे हे तू सिद्ध करायचं, एक्स्पर्टचा रिपोर्ट लागेल, आणि तुझ्या जॉब कार्डवर वॉशिंग लिहिलंय."

तर आता असं ठरवलंय. नंबर एक, उद्यापासून सर्व्हिसवाल्यांशी फोनवर बोलणं बंद, सगळं ईमेलवर, लुकलुकत्या लाइटच्या व्हिडिओसकट. सहा व्हिडिओ आहेत माझ्याकडे, एकात मागून बहिणीचा आवाज पण आहे, "दादा, रेकॉर्डिंग काय करतोस, खाली उतर आधी." कोड आणि फ्रीझ फ्रेमचे फोटो मी आधीच काढून ठेवलेत, आता पुसा किती पुसायचं ते. आणि जॉब कार्डवर तक्रार माझ्या शब्दांत लिहिल्याशिवाय सही नाही, मग तिथे रात्र झाली तरी चालेल.

आणि दुसरं, सोमवारी सकाळी जाणारच नाही. दुपारी एकला निघणार, आधी यावलपर्यंत जाऊन येईन, मग अडावद-धानोरा करत जळगाव, एसी फुल, इंजिन चांगलं तापवून. लाइट लुकलुकायला लागली की तशीच हळूहळू त्यांच्या गेटमध्ये घालणार आणि बंद करणार नाही. रांग असू दे, वॉचमन शिट्ट्या मारू दे. त्या इस्त्रीवाल्याला शेजारच्या सीटवर बसवणार आणि म्हणणार, बघ, आला तुझ्यासमोर.

म्हणजे सोमवारी दुपारनंतर दुकान बंद राहील. ठिबकची पाइप ज्यांनी बुक केलीय त्यांनी सकाळीच येऊन घेऊन जा.