पीओपी केलंय म्हणून इंजिनियर दारातून परत

आज सकाळी आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीत स्ट्रक्चरल ऑडिटवाले, म्हणजे बिल्डिंगची मजबुती तपासणारे, आले होते. इंजिनियर, त्यांच्याबरोबर हातोडी घेतलेला एक पोरगा, आणि मागे मी. कमिटीतल्या बाकी सगळ्यांना नेमकं आजच काहीतरी काम निघालं होतं. दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली तर साखळी न काढताच दार उघडलं. "आत्ताच इंटिरियर केलंय, स्लॅबखाली पीओपीचं छत बसवलंय. छताला हात लावू देणार नाही. बाकीच्यांचं बघा की!" आणि दार बंद.

बाकीच्यांचं बघा म्हणे! जणू याचा कॉलम याच्या हॉलमध्ये सुरू होतो आणि याच्याच हॉलमध्ये संपतो.

मला तिथे जिन्यातच आत्याचं बाथरूम आठवलं. ठाण्यातली जुनी बिल्डिंग, वरच्या घरातून वर्षानुवर्षं गळती. वरचे म्हणायचे, आमच्याकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे. आत्या म्हणायची, मग माझ्या छतातून काय गंगा अवतरलीय? शेवटी भांडून थकली आणि तिने खालून पीव्हीसीचं पांढरंशुभ्र छत बसवून घेतलं. आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची. एका पहाटे त्या पांढऱ्या छतासकट वरचा सगळा मलबा खाली आला. आत्या अंघोळ उरकून नुकतीच देवापुढे बसली होती, म्हणून आज आहे.

नंतर मी तिथे गेले तेव्हा वरच्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. एका सळीला बोट लावलं तर खारीचे पापुद्रे सुटावेत तसा गंज हातात आला. लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, आणि ती जागा मिळवायला काँक्रीट फोडून काढतं. आधी बारीक तडा, मग फुगवटा, मग पोपडा. हे सगळं डोळ्यांना दिसत असतं हो! आपणच त्यावर पुट्टी मारतो, वर लाइटवाली पट्टी लावतो आणि फोटो टाकतो.

तो हातोडीवाला पोरगा काय करत होता माहितीये? नुसतं ठोकत होता. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं असेल तर बद्द आवाज येतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममध्ये एका कोपऱ्यात आवाज बदलला आणि काकूंचा चेहराच उतरला. पण त्यांनी दार उघडलं होतं. साखळीवाल्या साहेबांच्या छतावर ठोकायचं कुठे? मध्ये पीओपी!

बाकी फेरीत काय काय सापडलं म्हणून सांगू. मागच्या डक्टमध्ये ड्रेनेजच्या पाइपाच्या सांध्यात पिंपळ, चांगला मनगटाएवढा. तो दर पावसाळ्याआधी वरवर छाटतात, मुळं आत तशीच. एका घरात एसीच्या पाइपसाठी बीमला आरपार भोक. मीटररूममध्ये जुनी गादी, पुठ्ठ्याचे खोके आणि कुणाचा तरी गणपतीचा मखर, सगळं वायरींना टेकून. एका बाथरूममध्ये गॅस गिझर, आणि थंडी वाजते म्हणून खिडकीला अॅक्रेलिकची शीट ठोकलेली. अरे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो! माणूस अंघोळीला जातो आणि बाहेरच येत नाही.

२०१७ च्या जुलैमध्ये घाटकोपरची साईसिद्धी बिल्डिंग कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं, खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. मे २०२५ मध्ये आपल्या शेजारी कल्याण पूर्वेला चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब खाली आला, तो मजल्यामागून मजला घेऊन. सहा जण गेले. खालच्या मजल्यावरच्यांनी काय "बाकीच्यांचं बघा" म्हणायचं होतं?

हो, मान्य. काही ऑडिटवाले बिल्डरशी संगनमत करून धडधाकट बिल्डिंगलाही सी-१ म्हणजे 'रिकामी करा, पाडा' असा शेरा देतात. असतील तसे. मग दुसऱ्या इंजिनियरकडून तपासून घ्या, कोअर म्हणजे काँक्रीटचा नमुना काढून प्रयोगशाळेत द्या. दाराला साखळी लावणं हा त्यावरचा इलाज झाला का?

सोसायटीच्या आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिलंय. बिल्डिंग १५ ते ३० वर्षांची असेल तर ५ वर्षांतून एकदा ऑडिट, ३० च्या वर गेली की दर ३ वर्षांनी. आमची १९९१ ची. हिशेब तुम्हीच करा. वार्षिक सभेत हा विषय निघाला की लोक चहाकडे वळतात आणि पार्किंगचा विषय आला की रात्री अकरापर्यंत भांडतात.

इतकं लिहिल्यावर जरा शांत झालेय. खरं सांगू, त्या साहेबांचा चेहरा मला चिडका नाही, घाबरलेला वाटला. कर्ज काढून घर सजवलंय, मुलीची दहावी आहे, आणि उद्या कुणी म्हणालं घर खाली करा, तर डोंबिवलीत भाडं परवडणार कुठे? आत्या वरच्यांशी भांडली, पण कमिटीपुढे तीही तेवढ्याचसाठी गप्प बसली होती. कमिटीत तक्रार केली तर दुरुस्तीचा खर्च अंगावर पडेल, ही भीती. पेन्शनवर जगणारी बाई ती. त्या पांढऱ्या छताचे पैसे मात्र तिने हप्त्याहप्त्याने फेडले, आणि पडल्यानंतरही दोन हप्ते बाकी होते.

म्हणून मी आत्ता ग्रुपवर टाकलंय, इथेही लिहिते, कारण ते साहेब माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. रविवारी इंजिनियर परत येतायत. सुतार मी घेऊन येते. पीओपी कापून एक वीतभर झाकण करू, बघून झालं की परत बसवू. त्याचा खर्च सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून घ्या असा ठराव मी मांडते, विरोध करणाऱ्यांनी माझ्यासमोर उभं राहून करावा. आणि भाऊ, वेळ तुम्ही सांगा, वहिनींना अडचण नको. फक्त साखळी काढा.