गुडघा वाजल्यावर तेल चोळून पोरींना मॅटवर उतरवू नका

गेले काही आठवडे कबड्डीच्या ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरतोय. वर ‘जुन्या खेळाडूंचे अनुभवाचे बोल’ असं लिहिलंय, खाली कुणाचं नाव नाही. सांगणं असं: मातीत खेळणाऱ्यांना दुखापती होत नव्हत्या, मॅट आणि बुटांनी त्या आणल्या. गुडघा वाजला तर त्याच रात्री गरम तेलाने चोळायचा आणि तिसऱ्या दिवशी खेळायला उतरायचं, थांबलं की गुडघा जाम होतो. डोक्याला लागलं तर तोंडावर पाणी मारून पुढची चढाई. वॉर्म-अप म्हणजे वेळ घालवणं. मुलींची हाडं मुळातच नाजूक. आणि दुखापतींची वही ठेवणारे प्रशिक्षक पोरांना भित्रं करतात.

माझ्या संघातल्या डाव्या कोपरारक्षक मुलीच्या वडिलांनी हा संदेश मला पाठवला. तिचा गुडघा सरावात वाजला होता, रात्रीपर्यंत टम्म सुजला होता, आणि मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं होतं. ‘मॅडम, हे वाचा. दोन दिवसांत बरी होईल, तिची निवड चाचणी बुडवू नका,’ असं त्यांनी खाली लिहिलं होतं. तोवर घरी तेल चोळूनही झालं होतं. म्हणून सुरुवात गुडघ्यापासून.

मांडीचं हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत बांधून ठेवणारं एक लिगामेंट असतं, डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू न देणं आणि गुडघा पिळवटू न देणं हे त्याचं काम. चढाईपटूने बोनससाठी पाय रोवलाय आणि बाजूने धडक बसली, किंवा पकडीला झेपावताना पाऊल मॅटवर अडकलं आणि अंग तेवढं फिरलं, की ते तुटतं. कितीतरी वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. तुटताना खेळाडूला ‘टक्’ असं जाणवतं आणि काही तासांत गुडघा फुगतो, कारण आत रक्त साठत असतं. आवाज झाला आणि त्याच दिवशी सूज आली, तर डॉक्टर तपासून ‘नाही’ म्हणेपर्यंत एसीएल गेलंय असंच धरून चालायचं. चार पावलंही टाकता येत नसतील तर हाड मोडलंय का हे बघायला त्याच दिवशी एक्स-रे काढायचा.

अशा गुडघ्यावर हा संदेश गरम तेल ओतून जोरात चोळायला सांगतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक आणि मालीश केलं की रक्तस्राव वाढतो, सूज वाढते. आणि तुटलेलं लिगामेंट सांध्याच्या आत आहे, वरून कितीही चोळा, हात तिथवर पोचत नाही.

खरा घात पुढे आहे. काही आठवड्यांत सूज आपोआप उतरते. मुलगी नीट चालते, सरळ रेषेत पळतेसुद्धा. एक्स-रे काढला असेल तर तोही बहुधा नॉर्मल येतो, कारण एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. त्यासाठी जाणत्या हाताने गुडघा तपासावा लागतो, एमआरआय करावा लागतो. घरचे म्हणतात, तेलाने गुण आला. ते तसा संदेश पुढे पाठवतात, आणि अगदी मनापासून पाठवतात. मग ती मुलगी मॅटवर उतरते, चढाईपटूच्या मागे झटकन वळते आणि गुडघा निसटतो. असं प्रत्येक निसटणं आतल्या गादीला, मेनिस्कसला, भोवतं. ती फाटली की जे दुखणं चाळिशी-पन्नाशीत यायचं ते पंचविशीतही येऊ शकतं. पंधरा वर्षांच्या मुलीबाबत आपण हे बोलतोय. तिच्या पायावर तुम्ही प्रयोग करताय, आणि कशासाठी, तर एका निवड चाचणीसाठी.

थांबलं की गुडघा जाम होतो, यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करते. महिनाभर पाय उशीवर ठेवून पडून राहिलं तर मांडीचा पुढचा स्नायू भराभर सुकतो आणि गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट पहिल्या दिवसांपासूनच हलका व्यायाम सुरू करतात. पण खाटेवर गुडघा सरळ करणं वेगळं आणि तिसऱ्या दिवशी घोटा पकडायला झेपावणं वेगळं. एसीएल तुटलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असंही नाही, ते डॉक्टर ठरवतील. झालीच तर खेळात परतायला किमान नऊ महिने धरायचे. त्याआधी घाई करणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायची शक्यता कितीतरी जास्त असते, हे नॉर्वेतल्या डॉक्टरांनी खेळाडूंचा पाठपुरावा करून दाखवलंय.

डोक्याचं थोडक्यात सांगते, कारण यात चर्चेला जागाच नाही. डोकं आपटल्यावर मूल गोंधळलं, भोवंडलं, उलटी झाली, स्कोअर आठवेना, तर त्या दिवशी खेळ बंद. बेशुद्ध पडलं नसलं तरी बंद. मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला तर जीव जाऊ शकतो, आणि कोवळ्या वयात हा धोका जास्त. क्रिकेटमध्ये २०१९पासून अशा खेळाडूच्या जागी पूर्ण खेळणारा बदली खेळाडू घेता येतो, तो याच कारणाने.

आता माती. मातीत लागत नव्हतं हे साफ खोटं आहे. सोललेले गुडघे, निखळलेले खांदे, मोडलेली बोटं प्रत्येक जुन्या खेळाडूच्या अंगावर दिसतील, विचारून बघा. ज्यांचा गुडघा कायमचा गेला ते खेळ सोडून शेतीत, गिरणीत, दुकानात गेले. ते आज कुठल्या सत्काराला व्यासपीठावर नसतात, म्हणून त्यांची दुखापत कुणाला आठवत नाही. व्यासपीठावर जे बसतात ते टिकलेले. मॅटबद्दलची शंका मात्र अगदीच बिनबुडाची नाही. पायाला फार घट्ट धरणाऱ्या पृष्ठभागावर गुडघा जास्त पिळवटतो; नॉर्वेत हँडबॉल खेळणाऱ्या मुलींची एसीएल लाकडी फ्लोअरपेक्षा कृत्रिम फ्लोअरवर जास्त तुटलेली आढळली. पण त्यावर उपाय बूट बघून घेणं, मॅटच्या फटी बुजवणं आणि वळायचं कसं हे शिकवणं. स्पर्धा मॅटवर होणार असतील तर सराव मातीत करून मुलींना थेट मॅटवर उभं करणं जास्त धोक्याचं.

वॉर्म-अप म्हणजे वेळ घालवणं, या वाक्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो, कारण याचं उत्तर २००८ सालीच मिळालंय. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ फुटबॉलपटू मुली, १२५ क्लब. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे क्लब दोन गटांत वाटले. एका गटाने आठ महिन्यांच्या हंगामात ठरावीक वॉर्म-अप केला, दुसऱ्याने नेहमीचाच. हा वॉर्म-अप म्हणजे वीसेक मिनिटांचे पळणं, प्लँक, एका पायावर तोल, स्क्वॉट, उडी मारून गुडघे आत न झुकवता उतरणं, पाय रोवून वळणं. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निकाल छापून आले: एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी, आणि चार आठवड्यांहून जास्त काळ घरी बसवणाऱ्या गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्या. फक्त पायाच्या दुखापतींचा आकडाही खाली आला, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, हे संशोधकांनी स्वतःच लिहिलंय. जो अभ्यास आपली कच्ची बाजू सांगतो त्यावर माझा विश्वास बसतो.

कबड्डी फुटबॉल नाही, हे मला कळतं. पण गुडघा उडीवरून उतरताना आणि वळताना जातो, आणि ते दोन्ही खेळांत सारखंच आहे. या व्यायामांना एक रुपयाचं साहित्य लागत नाही. एकच अट, ते प्रत्येक सरावाला करायचे. सामन्याच्या सकाळी दोन फेऱ्या पळून तो परिणाम मिळत नाही.

मुलींची हाडं नाजूक, हे तर ऐकूनच घेऊ नका. एकाच खेळात मुलींना एसीएलचा धोका मुलांपेक्षा दोन-तीनपट तरी जास्त असतो, हे खरं. त्याची कारणं उतरण्याच्या आणि वळण्याच्या पद्धतीत, मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंच्या ताकदीत आणि शरीराच्या ठेवणीत आहेत. यातलं पुष्कळसं सरावाने बदलता येतं. वर सांगितलेला अभ्यास मुलींवरच झालेला आहे. महिला कबड्डी २०१०मध्ये आशियाई स्पर्धेत आली, तेव्हापासूनच्या चारपैकी तीन स्पर्धांचं सुवर्ण भारताच्या पोरींनी आणलंय.

राहिली वही. दुखापत कुणाला, कधी, शरीराच्या कुठल्या भागाला, चढाईत की पकडीत, सरावात की सामन्यात, किती दिवस खेळ बुडाला, एवढंच त्यात असतं. शेजारच्या रकान्यात खेळलेले तास. नुसत्या दुखापती मोजून काही कळत नाही, जगभर त्या हजार तासांमागे मोजतात. बारा मुली रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १४४ तास. सात आठवड्यांत हजार भरतात. मग या हजारात किती लागलं आणि पुढच्या हजारात किती, हे समोर ठेवता येतं. आमच्याकडे मुरगळलेले घोटे बहुतेक सरावाच्या शेवटच्या टप्प्यातले निघाले, आणि तेही आधी मुरगळलेलेच. आम्ही जोरदार पकडी सत्राच्या सुरुवातीला आणल्या आणि त्या मुलींना एका पायावर तोल धरायचे व्यायाम लावले. वही नसती तर हे दिसलंच नसतं.

वहीत नाव आलं की निवडीत मागे पडू, ही भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. दुखणं लपवून खेळणाऱ्या मुली मी पाहिल्यात, त्या याच भीतीने लपवतात. म्हणून ती वही माझ्याकडे असते आणि प्रत्येकीचं पान तिच्या आईवडिलांना आणि तिच्या डॉक्टरांना दाखवलं जातं. निवड समितीने मागितली तरी ती मी देत नाही.