चाळीतला कांदा मोजायचा तर आधी मोजणाऱ्यांना मोकळीक द्या

लासलगावला आज किती आवक झाली, जास्तीत जास्त काय भाव निघाला हे दुपारपर्यंत आपल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेलं असतं. पण आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, चांदवड, येवला, देवळा, कळवण, सटाण्याच्या चाळींमध्ये, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, उन्हाळ कांदा अजून किती शिल्लक आहे, त्यातला किती सडला, किती वजनाला घटला, याचा दर महिन्याला भरवशाने बघावा असा सरकारी आकडा मला तरी कुठे सापडत नाही. आणि दिल्लीतले निर्णय तर या साठ्याच्या अंदाजावरच. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात थेट बंदी, मे २०२४ ला बंदी उठली तरी शुल्क होतंच, ते जाईपर्यंत १ एप्रिल २०२५ उजाडला. राजकारण होतं त्यात, नाही म्हणत नाही, पण साठ्याचा पक्का आकडा समोर असता तर निदान भांडायला तरी आपल्या हातात काहीतरी असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. सरकारी सांख्यिकी कार्यालयांना नवीन काही करून बघायची परवानगी, थोडे पैसे आणि चुकायची मुभा द्या, आणि ती जिल्हा पातळीवर द्या. आपल्याकडे फॉर्म वरून येतो, खालचा माणूस तो भरून वर पाठवतो, विषय संपला. शेतकरी कुठल्या प्रश्नाला अडखळतो, कुठला आकडा घाबरून कमी सांगतो हे त्या गावोगाव फिरणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त कळतं आणि त्यालाच कोणी विचारत नाही. जुन्या पद्धतीने चुकीचा आकडा गेला तर कोणाला काही होत नाही, नवीन करायला गेला आणि फसला की खुलासा मागणार, मग कोण कशाला हात लावेल सांगा.

हे काही परदेशातून आणायचं खूळ नाहीये. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीसांनी १९३७ ला बंगालमध्ये तागाच्या क्षेत्राचा नमुना सर्व्हे, म्हणजे सगळं न मोजता थोडं निवडून मोजायचं, सुरू केला तो छोट्या भागात, दरवर्षी थोडा वाढवत, चुका दुरुस्त करत करत सगळ्या बंगालपर्यंत नेला. पुढे आपले साताऱ्याचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, त्यांनी महालनोबीसांनाच आव्हान दिलं, म्हणाले उत्पन्नाचा अंदाज काढायला शेतातला एक तुकडा कापून वजन करतात त्या पीक कापणीसाठी इतका छोटा तुकडा घेतला की कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं, प्लॉट मोठा घ्या. दोन दिग्गज, दोघंही सरकारी आकड्यांसाठी राबणारे, आणि उघड वाद घातला, शेतात प्रयोग करून दाखवले. आज आपल्या मंडळातला कृषी सहाय्यक बहुतेक पिकांना १० बाय ५ मीटरचा प्लॉट आखतो आणि त्यावर पीक विमा ठरतो, त्याच्यामागे ती भांडणं आहेत. मला हे वाचून खरंच भारी वाटलं होतं.

आत्ताही काही होतच नाहीये असं नाही. बेरोजगारीचे आकडे २०२५ पासून दर महिन्याला येतायत, सर्व्हेवाले कागदाऐवजी टॅबवर भरतायत, पीक विम्यात २०२३ च्या खरिपापासून भात आणि नंतर गव्हाला सॅटेलाइटसारख्या टेक्नॉलॉजीवरून काढलेल्या उत्पन्नाला किमान ३० टक्के वजन दिलं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात पटली कारण जुनं एकदम फेकून दिलं नाही, दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवलं. नेदरलँड्समध्ये २००२ पासून सुपरमार्केटच्या बिलिंगचा डेटा महागाईच्या आकड्यात घेतात, तोही हळूहळू वाढवत नेला.

पण सॅटेलाइटला शेतातला पेरा दिसेल, चाळीतला कांदा नाही दिसणार. तिथे माणूसच लागतो. म्हणून माझं मत, जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांसाठी पैसे असतात त्यातून नाशिकच्या सांख्यिकी कार्यालयाला एक प्रयोग करू द्या. चिठ्ठ्या टाकून काही गावं काढा, त्यातल्या चाळी ठरवा, एप्रिल-मेमध्ये कांदा चाळीत भरला की तिथून दर महिन्याला त्याच चाळींची नोंद घ्या, किती विकला, किती फेकला, किती उरला. सोबत फोटो. आपल्या कॉलेजांतली स्टॅटिस्टिक्सची पोरं घ्या मदतीला, त्यांना प्रोजेक्ट पण होईल.

आता खरी अडचण. शेतकरी म्हणणार, आज साठा सांगितला आणि उद्या त्याच आकड्यावरून भाव पाडले तर? ही भीती अजिबात खोटी नाही, मी तिला सगळ्यात जास्त महत्त्व देतो. २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा आहे, त्यात एकेकाची माहिती सांख्यिकी कामाशिवाय वापरता येत नाही. ते मराठीत छापून प्रत्येक चाळीवर द्या, नाव कुठेच जाणार नाही, फक्त तालुक्याचा आकडा बाहेर येईल, आणि तो दिल्लीला कळेल त्याच दिवशी आपल्यालाही कळेल, व्यापाऱ्याला आधी नाही. पहिल्या वर्षी आकडा चुकेल. किती चुकला तेही छापा. पालकमंत्री, आमदार यांच्यापैकी कोणाशी ओळख असेल त्यांनी हा विषय नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी टाका, आणि ज्यांच्या स्वतःच्या चाळी आहेत त्यांनी कमेंटमध्ये सांगा, अशी नोंद द्याल का, आणि नसाल देणार तर का नाही.