सात नियम आणि माझ्या भाच्याचे कान

मागच्या मंगळवारी रात्री साडेअकराला धुळ्याहून भाच्याचा फोन आला. एरवी या पोराला मामा फक्त रिचार्ज संपल्यावर आठवतो. म्हणाला, "मामा, मना कानमा शिट्टी वाजी ऱ्हायनी. ते चांगलं ऱ्हास ना?"

कानात शिट्टी वाजणं चांगलं, हे त्याच्या डोक्यात कुणी घातलं? व्हॉट्सअ‍ॅपने. 'हेवी मेटल ऐकणाऱ्यांनी हेडफोन घेताना पाळायचे ७ नियम' हा मेसेज त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर फिरला, तिथून आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि दोन काकांनी न वाचताच त्याला अंगठा दाखवला. नियम थोडक्यात असे: ड्रायव्हर (हेडफोनच्या आतला, आवाज काढणारा पडदा) जितका मोठा तितका बास, म्हणजे खर्ज, मोठा. ओहम (विजेला होणारा अडथळा) जास्त असलेलाच घ्या. ओपन बॅकच्या (कपांना मागून उघडी जाळी असलेल्या हेडफोनच्या) वाटेला जाऊ नका. हाय-रेझचा, म्हणजे 'जास्त बारकाईच्या आवाजाचा', सोनेरी स्टिकर बघा. वीस हजारांच्या खालच्या हेडफोनवर मेटल ऐकूच नका. आवाज कमी केला तर मेटलला अर्थ नाही. आणि सातवा, ठळक अक्षरांत: नवा हेडफोन पहिले १०० तास फुल्ल आवाजात, कानावर घालूनच वाजवा, म्हणजे हेडफोन आणि कान दोन्ही 'तयार' होतात. शिट्टी वाजली म्हणजे कान मोकळे होत आहेत असे समजावे.

मी पंचवीस वर्षं मेटल, म्हणजे गिटार आणि ड्रमचं दणदणीत रॉक, ऐकतो. भुसावळला कॅसेट मिळायची नाही म्हणून कुणी मुंबईला निघालं की त्याच्या हातात चिठ्ठी द्यायचो, तेव्हापासून. त्यामुळे 'यांना हे संगीत कळत नाही' असं मला तरी कुणी म्हणू नये. आणि सुरुवात सातव्यापासूनच करतो, कारण कानाला सगळ्यात मोठा धोका त्याचा, बाकीच्यांत बहुतेक पैसेच जातील.

नवा हेडफोन वाजवून 'मुरवण्याची' गोष्ट जुनी आहे. त्यात खरं एवढंच की कानावरच्या गाद्या काही दिवसांत नरम पडतात आणि डोक्याला नीट बसतात. आपल्यालाही त्या आवाजाची सवय होते. ड्रायव्हरच्या पडद्यात फरक पडलाच तर तो मोजयंत्रावर जेमतेम दिसेल इतका. समजा कुणाला मुरवायचाच आहे, तर टेबलावर ठेवून वाजवा की! कानावर कशाला? नवी चप्पल चावून चावून पायाला बसते, म्हणून कानही तसाच बसेल, हा कुठला हिशोब?

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. एका कानात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो तो त्यांच्या जोरावर. मोठ्या आवाजाने त्या थकतात, शिट्टी वाजते. मार चालूच राहिला तर मरतात. केळीचं खोड कापलं की बुंध्याच्या पिलांवर पुन्हा बाग, म्हणजे पिलबाग, धरता येते. कानाला पिलबाग नसते. माणसाच्या या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. शिट्टी म्हणजे कान मोकळे होणं नव्हे, तो मार खाल्ल्याचा आवाज आहे.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर सुरक्षित ऐकण्याचं जे मानक केलं आहे, त्यात मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९० डेसिबलवर आठवड्याचे चार तास, १०० वर फक्त २० मिनिटं. दिवसाची नाहीत, आठवड्याची! फुल्ल आवाजात फोन आणि हेडफोनच्या कितीतरी जोड्या १०० च्या पुढे जातात. आपण १०० च धरू. भाच्याने तीन रात्री दोन-दोन तास 'कान तयार' केले. एका रात्रीत सहा आठवड्यांचा कोटा, तीन रात्रींत अठरा आठवड्यांचा. मेसेजवाल्याचे शंभर तास पुरे केले असते तर ३०० आठवड्यांचा, म्हणजे जवळपास सहा वर्षांचा. हा गुणाकार करायला कान-नाक-घसा तज्ज्ञ लागत नाही, चौथीचा पोरगा पुरे.

तज्ज्ञाकडे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच नेलं. ताई रिक्षात सारखी म्हणत होती, "भाऊ, तू समजाड याले." काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. कागदावर उजव्या कानाची रेघ सरळ. डाव्या कानाची ४००० हर्ट्झजवळ, म्हणजे वरच्या पट्टीतल्या तीक्ष्ण आवाजाला, जराशी खाली वाकलेली. डॉक्टरांनी पेन्सिलीने तिथे गोल केला आणि म्हणाले, आवाजाचा मार बसला की पहिला खड्डा बहुतेक इथेच पडतो. भरून येईल असं वाटतंय, महिन्याने परत बघू, तोवर हेडफोन कपाटात. शिट्टी दोन दिवसांनी थांबली.

त्या ४००० शी मेटलचा संबंध काय, तेही सांगतो. बास ड्रमच्या कातड्यावर पायाचा दांडा आपटतो तेव्हाचा 'टक', दोन पेडलांवर तो मशीनगनसारखा सुटतो तो, २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये असतो. गिटारची धार त्याच मुलखातली. म्हणजे मेटल जोरात ऐकण्यासाठी कान घालवायचा, आणि पहिलं काय जाणार, तर मेटलचीच धार.

सहाव्या, आवाज कमी न करण्याच्या नियमात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. आवाज कमी केला की खर्ज जास्तच कमी ऐकू येतो. कानाची ठेवणच तशी, फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये ती मोजून दाखवली. म्हणून हळू लावलेलं मेटल पोकळ वाटतं. पण त्यासाठी फोनमधल्या इक्वलायझरवर (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करायच्या सोयीवर) १०० हर्ट्झच्या खालचं तीन-चार डेसिबल वर घ्यावं. अख्खा आवाज कशाला चढवायचा? आपल्याकडे आवाज चढतो तो बहुतेक वेळा संगीतासाठी नाहीच, कूलरसाठी चढतो. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला, उशाशी कूलर घरघरतोय, आणि आपण त्याच्यावर मात करायला फोनचं बटण दाबतोय.

त्यामुळे तिसरा नियमही थोडा पदरात घ्यावा लागतो. ओपन बॅक हेडफोन वाईट नसतात. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ चा ओपन बॅक आजही जाणकार वापरतात, आणि त्यात गिटारचे थर कसे सुटे होतात ते एकदा ऐकाच. पण त्याच्या जाळीतून बाहेरचं सगळं आत येतं. खानदेशात मार्च ते जून कूलरच्या खोलीत तो घेऊन बसणं म्हणजे तव्याशेजारी आइस्क्रीम. बंद कपांचा घ्या, किंवा नॉइज कॅन्सलिंगचा. कूलरसारखी एकसुरी, खालच्या पट्टीतली घरघर कापायला ते तंत्र फार चांगलं. घरघर गेली की आवाज आपोआप खाली येतो.

मोठ्या ड्रायव्हरचं काय? आत्ता कानावर असलेल्या हेडफोनच्या गादीखाली खालच्या बाजूने बोट सरकवा. बास गेला ना? ड्रायव्हर तेवढाच आहे, फट पडली. पाच तारांच्या बास गिटारची जाड तार ३१ हर्ट्झवर वाजते. कानात नीट बसलेला दहा मिलिमीटरचा इअरफोन ती सहज ऐकवतो आणि पन्नास मिलिमीटरचा, गादी फाटलेला हेडफोन ऐकवत नाही. चष्म्याची काडी हीच फट पाडते. आपल्या घामाने रेक्झिनच्या गाद्यांची साल निघते, तेव्हाही हेच होतं, आणि माणूस म्हणतो हेडफोनचा बास गेला. आधी गाद्या बदलून बघा. शिवाय नुसता बास फुगवलेला हेडफोन मेटलला मारक असतो. बास गिटार, बास ड्रम, गिटारची खालची तार, सगळ्याचं भरीत होतं. भरीत हिवाळ्यात भाकरीबरोबर बरं.

ओहम: बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या डोंगलने १ व्होल्ट दिला तर ३२ ओहमला ३१ मिलिवॅट मिळतात, २५० ओहमला ४. सिंगल फेजवर दहा हॉर्सपॉवरची मोटर लावण्यातला प्रकार. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर २५० घ्या, नाहीतर नको. विषय संपला.

सोनेरी स्टिकर ४० हजार हर्ट्झची हमी देतो. माणसाचा कान २० हजारांवर संपतो, चाळिशीनंतर त्याच्याही आधी. आणि गिटारच्या बारा इंची स्पीकरचा आवाज पाच-सहा हजारांनंतर झपाट्याने पडतो. वटवाघळाला भेट द्यायचा असेल तर जरूर घ्या.

राहिला वीस हजारांचा नियम. किमतीबरोबर मजबुती, आराम, सुटे भाग मिळण्याची सोय वाढते, हे खरं. आवाज त्याच चढाने वाढत नाही. शिवाय चांगला हेडफोन रेकॉर्डिंगमधली घाणही दाखवतो. मेटालिका या बँडचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम इतका चेपून मोठा केलेला आहे की आवाज फाटतो. तो पुन्हा नीट करावा म्हणून चाहत्यांनी अर्ज केला होता. लाखाच्या हेडफोनवर तो आणखीच स्वच्छ फाटतो.

भाच्याला मी एकच कसोटी दिली आहे. आपलंच, तोंडपाठ असलेलं गाणं लावायचं. जुन्या हेडफोनवर ठेवायचा त्यापेक्षा आवाज दोन खुणा खाली, आणि तरी दोन्ही पेडल वेगळे मोजता आले पाहिजेत. नाही आले तर डबा परत काउंटरवर.

महिन्याची तपासणी ठीक आली तर येत्या सुट्टीत त्याला जळगावला गोलाणी मार्केटमध्ये घेऊन जाणार आहे. लेन्स लावून येतो म्हणत होता. म्हटलं, चष्मा घालूनच ये.