कागद बाहेर आला पाहिजे

आज अडीच तास पुण्याच्या तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मांडीवर गाडीचा स्पीकर घेऊन बसून आलोय. डोक्याचा पारा अजून उतरलेला नाही.

झालं असं की गाडीच्या दारात काचेवरून पाणी उतरतं. ते खालच्या भोकांतून निघून जातं, पण स्पीकरवर उडू नये म्हणून आत प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. गेल्या वर्षी काचेची मोटर बदलताना कुणीतरी ते टराटरा फाडलं आणि परत चिकटवायचे कष्ट घेतले नाहीत. यंदाच्या पावसात साडेसहा इंची स्पीकरचा कागद सादळलेल्या पापडासारखा झाला, मग फाटला. बातम्या असोत की भजन, डाव्या दारातून नुसतं भर्र.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "रिपेअर नाही होत सर. जोडीच बदलायची." अहो, उजवा ठणठणीत आहे! एका डोळ्यात कुसळ गेलं म्हणून दोन्ही डोळे नवे बसवायचे? पण हल्ली उघडून बघायचा पगारच कुणाला मिळत नसावा.

म्हणून तापकीर गल्ली. दुकानात एकच स्टूल, त्यावर ट्रांझिस्टर कवटाळून एक काका. मला अर्धं स्टूल मिळालं.

"काय झालंय?"

"कोन फाटलाय."

"कोण फाटलाय?"

"कोन हो, काका. कोन."

"तेच विचारतोय, कोण?"

शेवटी मी कागदावर बोट ठेवलं. काकांनी ट्रांझिस्टरमधला सेल काढला, माझ्या परवानगीशिवाय स्पीकरच्या दोन टोकांना लावला. टप्!

"जिवंत आहे!" काका गल्लीला उद्देशून म्हणाले. इअरफोनवाला आला, चहावाला आला. प्रत्येकासाठी एकेकदा टप्. मी म्हटलं, कॉइल जळेल.

"छत्तीस वर्षं वायरी जोडल्यात मी."

"कुठे?"

"शाळेत. गॅदरिंगचा लाउडस्पीकर माझ्याकडे असायचा."

गॅदरिंगच्या लाउडस्पीकरने आयुष्यभर फक्त शिट्टी मारली आहे. अध्यक्षीय भाषण कुणाला कधी ऐकू आलंय? पण हे मी मनात म्हटलं. अर्ध्या स्टुलावरचा माणूस आणखी काय करणार?

कारागिराने नवा कागद चिकटवला, तासभर वाळवला, वायरी डकवल्या. काकांचा सेल पुन्हा पुढे. टप्.

"हा आत जातोय," काका म्हणाले. "प्लसला प्लस दिला की कागद बाहेर आला पाहिजे. उलटं डकवलंस."

"काका, तुमचा ट्रांझिस्टर झालाय केव्हाच. निघा आता."

असं म्हणून कारागीर हसला, मीही हसलो. मी तर जरा जास्तच हसलो, कारण अख्खं स्टूल मिळणार होतं. साडेतीनशे रुपये दिले आणि निघालो.

घरी येऊन स्पीकर बसवला, लावणी लावली. भर्र गेलं. पण ढोलकीही गेली. बाईंचा आवाज स्वच्छ, घुंगरू स्वच्छ, ढोलकीवाला मात्र पैसे न मिळाल्यासारखा गायब. एक स्पीकर कागद बाहेर ढकलतोय तेव्हा दुसरा आत ओढतोय. खालचा सूर दोघांच्या भांडणात मेला.

दार पुन्हा उघडलं, वायरी अदलाबदल केल्या. ढोलकी आली. दाराच्या दोन क्लिपा मात्र उरल्यात. त्या कुठल्या, ते काकांना नक्की माहीत असेल. विचारायला मी जाणार नाही.