चाकूतला मुका ‘के’

शनिवारी सुनील कट्ट्यावर आला तो पोरीची वही हातात घेऊनच. तिसरीतली पोर. डिक्टेशनमध्ये ‘नाइफ’ लिहिताना सुरुवातीचा ‘के’ राहिला आणि त्यावर लाल फुली पडली.

‘‘ऐकू येतं तसं लिहिलं तर चूक? ही कसली भाषा?’’ सुनील चिडलाच होता.

आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त शिक्षक येतात, त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. त्यांनी वही हातात घेतली. ‘‘अरे, तो ‘के’ एके काळी ऐकू येत होता. इंग्रज कवी चॉसरच्या काळात, म्हणजे 14व्या शतकात, लोक ‘क्नीफ’ म्हणायचे. ‘क’ स्पष्ट आणि ‘ई’ लांब.’’

‘‘मग बोलणं बदललं, तर लिहिणं का नाही बदललं?’’

सर म्हणाले, छापखान्यामुळे. 1476 च्या सुमारास विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. स्पेलिंग हळूहळू ठरत गेली, आणि नेमके त्याच दोन-तीन शतकांत इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर जागा सोडत होते. ‘हूस’चा ‘हाउस’ झाला. ‘नेम’ आधी जवळजवळ आपल्या ‘नाम’सारखा ऐकू यायचा. ‘क्नीफ’मधला ‘क’ तर 17व्या शतकाच्या आसपास गळूनच पडला. कागदावर मात्र जुनाच उच्चार राहिला.

‘‘आणि ‘डेट’मधला, म्हणजे कर्जाच्या ‘डेट’मधला ‘बी’?’’ मी विचारलं. सर म्हणाले, तो तर कधीच कुणी उच्चारला नव्हता. फ्रेंचमधून आलेला साधा ‘डेट्ट’ होता. लॅटिनमधलं ‘डेबिटुम’ दिसावं म्हणून विद्वानांनी मागाहून ‘बी’ घुसवला. पोरांना छळणारी ही अक्षरं अशी पंडितांनी घातलेलीही आहेत, याचा मला खरंच राग येतो.

इथे प्रकाशने विषय वळवला. ‘‘काही म्हणा, इंग्रजी मोठी झाली ती दार उघडं ठेवल्यामुळे. येईल तो शब्द घेतला. आपलं ‘मुंगूस’सुद्धा नेलं त्यांनी. आणि आपण बसलोय शुद्ध मराठी करत.’’

मला राहवलं नाही. ‘‘दार उघडं ठेवलं नव्हतं रे, फोडलं होतं! 793 मध्ये व्हायकिंगांनी, म्हणजे उत्तरेकडच्या समुद्री लुटारूंनी, इंग्लंडातला लिंडिसफार्नचा मठ लुटला. 1066 मध्ये फ्रान्सकडून नॉर्मन चाल करून आले आणि दरबार, वरचे अधिकारी, मोठे जमीनदार सगळे फ्रेंच बोलणारे झाले. गोठ्यात गाय राखणारा तिला ‘काऊ’ म्हणायचा, मालकाच्या ताटात गेली की ती ‘बीफ’. मेंढीचं तेच, डुकराचं तेच. स्वतःच्या देशात इंग्रजी तीनेक शतकं चाकरांची भाषा होती. त्याला उदारपणा म्हणू नकोस.’’

‘‘आणि ‘दे’, ‘देम’, ‘देअर’?’’ प्रकाश शांतपणे म्हणाला. ‘‘ते व्हायकिंगांचे शब्द. ‘नाइफ’सुद्धा त्यांचाच. तलवार दाखवून कुणी सर्वनामं बदलायला लावत नाही. शेजारी शेजारी शेतं आली, सोयरिकी झाल्या, म्हणून बदलली.’’

हे मला मान्य करावं लागलं. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात ते लोक वस्ती करून राहिलेच होते. डर्बी, व्हिटबी ही गावांची नावं त्यांच्याच भाषेतली.

सुनील म्हणाला, ‘‘आपल्याकडेही फारसी शब्द राज्याबरोबरच आले. म्हणून तर शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करून घेतला.’’

सरांनी मान डोलावली. ‘‘तिकडे 1362 मध्ये कायदा झाला, कोर्टातले खटले इंग्रजीत चालवा म्हणून. का, तर लोकांना फ्रेंच कळत नाही. आणि तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये!’’

मग त्यांनी अंड्याची गोष्ट सांगितली. ती स्वतः कॅक्स्टनने लिहून ठेवली आहे. थेम्समधून निघालेले काही व्यापारी वारा नाही म्हणून केंटच्या किनाऱ्यावर अडकले. एकाने एका घरी जाऊन ‘एग्ज’ मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसरा कुणी म्हणाला, ह्याला ‘आयरेन’ हवीत. तेव्हा तिला कळलं. ‘आयरेन’ हा जुना इंग्रजी शब्द, ‘एग्ज’ उत्तरेतून आलेला, व्हायकिंगांचा. कॅक्स्टन विचारतो, आता माणसाने लिहायचं तरी काय?

‘‘म्हणजे त्या बाईचंही चुकलं नव्हतं,’’ सुनील म्हणाला.

‘‘नव्हतंच. तिचा शब्द मेला, एवढंच.’’

प्रकाश म्हणाला, बघा, बाहेरचा शब्द टिकला. मी म्हटलं, पण तो दारोदार बोलला गेला म्हणून टिकला, वरून हुकूम आला म्हणून नाही. तो ऐकेना, मीही ऐकेना. चहाचे ग्लास गार झाले. सुनीलने मात्र पेन मागून घेतलं आणि पोरीच्या वहीत त्या लाल फुलीशेजारी देवनागरीत लिहिलं : क्नीफ.